रजिस्टर भरणाऱ्या हातांनी अ‍ॅप घडवावे

आज आपल्या वस्तीतील बहुतेक कमावत्या माणसांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये त्यांच्या मालकाचे किंवा कचेरीचे एखादे अ‍ॅप बसलेले आहे. सफाई कामगाराची हजेरी अ‍ॅपवर लागते. मीटर वाचणारा भाऊ आकडा अ‍ॅपमध्ये टाकतो. कुरिअरच्या मुलाला पुढचा पत्ता अ‍ॅप सांगते. रोजगार हमीच्या कामांवर तर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांचे दिवसातून दोन वेळा फोटो काढून मोबाइलवर हजेरी घेण्याची सक्ती झाली आणि रेंज नाही म्हणून हजेरी बुडाल्याच्या तक्रारी गावोगाव सुरू झाल्या.

म्हणजेच पूर्वी जे मस्टर मुकादमाच्या काखेत असे, ते आता मोबाइलमध्ये गेले आहे. मस्टर कोणाच्या हातात आहे यावर कामगाराची मजुरी ठरते, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको. तेव्हा हे नवे मस्टर कोण आखतो, त्यातले रकाने कोण ठरवतो आणि ते आखण्याचे काम आपल्या मुलामुलींना जमेल की नाही, हा विचार आपण केलाच पाहिजे.

आमचे उत्तर असे आहे की जमेल. त्यासाठी इंजिनिअरच झाले पाहिजे असे आता राहिलेले नाही. कसे, ते या लेखात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

एखाद्या कचेरीला स्वतःचे अ‍ॅप हवे असेल, तर पूर्वी एकच मार्ग होता. प्रोग्रॅमर नेमायचे. अँड्रॉइडच्या फोनसाठी एका भाषेत आणि आयफोनसाठी दुसऱ्या भाषेत प्रोग्रॅम लिहून घ्यायचा. माहिती साठवण्यासाठी सर्व्हर घ्यायचा. कोणी लॉगिन करायचे, कोणाला काय दिसायचे, याची वेगळी व्यवस्था करायची. यात महिनोन् महिने आणि लाखो रुपये जात. त्यामुळे मोठ्या कारखान्यांची आणि बँकांची अ‍ॅप्स झाली. स्टोअरकीपरचे, टाइमकीपरचे आणि आवक-जावक कारकुनाचे रजिस्टर मात्र होते तिथेच राहिले.

प्लॅटफॉर्मने हा खर्च खाली आणला. घर बांधताना आपण दरवाजाची चौकट, खिडकी, जिना जागेवर घडवीत नाही. तयार आणून बसवतो. तसेच इथे आहे. लॉगिन, यादी, फॉर्म, फोटो घेणे, बोटाने सही घेणे, बारकोड वाचणे, मंजुरीसाठी साहेबांकडे पाठवणे, हे सर्व भाग प्लॅटफॉर्मवर तयार असतात. आपण ते माऊसने उचलून स्क्रीनवर मांडायचे आणि त्यांना आपल्या रजिस्टरशी जोडायचे. तयार झालेले एकच अ‍ॅप दोन्ही प्रकारच्या फोनवर चालते.

असे प्लॅटफॉर्म आज अनेक आहेत. चेन्नईच्या झोहो कंपनीचे ‘झोहो क्रिएटर’ 2006 पासून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने ‘पॉवर अ‍ॅप्स’ 2015 च्या अखेरीस जाहीर केले आणि 2016 मध्ये सर्वांसाठी खुले केले. गुगलने ‘अ‍ॅपशीट’ ही कंपनी जानेवारी 2020 मध्ये विकत घेतली. यांपैकी पॉवर अ‍ॅप्स मोठ्या कंपन्यांत आणि संस्थांत जास्त दिसते, कारण तिथे वर्ड, एक्सेल आणि आऊटलूक आधीपासून असतेच. म्हणून आपण त्याचेच उदाहरण घेऊ.

हीथ्रो विमानतळावरील सुरक्षारक्षक

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर समित सैनी नावाचे एक सुरक्षा कर्मचारी होते. प्रवाशांची व सामानाची तपासणी हे त्यांचे काम. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. हीथ्रोवर जगभरचे प्रवासी उतरतात आणि कित्येकांना इंग्रजी येत नाही. ‘बूट काढा’, ‘बॅग उघडा’ एवढे सांगण्यासाठीसुद्धा तिथल्या कर्मचाऱ्यांना निरनिराळ्या भाषांतील वाक्यांचे छापील पुस्तक उघडून दाखवावे लागे. 

कचेरीने दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर अ‍ॅप्स हे नाव सैनी यांना दिसले. त्यांनी इंटरनेटवरील शिकवण्या पाहून ते स्वतः आत्मसात केले आणि त्या पुस्तकाचेच एक अ‍ॅप बनवले. भाषा निवडा, वाक्य निवडा, प्रवाशाला दाखवा. पुढे त्यांनी कामावरच्या इतर कागदी फॉर्मांचीही अ‍ॅप्स केली. त्यांचे पाहून इतर कर्मचारी शिकले आणि सैनी यांना कंपनीच्या संगणक विभागात काम मिळाले. मायक्रोसॉफ्टने त्यांची हकिगत जगभर प्रसिद्ध केली. कंपनीला आपला माल खपवायचा असतो, हे त्या प्रसिद्धीमागचे कारण आपण ओळखून आहोतच; पण त्यामुळे सैनी यांची मेहनत कमी ठरत नाही.

या गोष्टीत आमच्या मते महत्त्वाचे काय, तर अडचण कोणाला ठाऊक होती हे. संगणक विभागातील साहेब रांगेच्या तोंडाशी कधी उभे राहिलेले नव्हते. रांगेच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस सैनी होता. म्हणून त्याच्या हातून झालेले अ‍ॅप पहिल्याच दिवशी उपयोगी पडले.

रोजकीर्द आणि खतावणी

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते पाहू. समजा, एका संस्थेचे स्टोअर आहे. तिथून कामगारांना हातमोजे, गमबूट, रेनकोट आणि साबण दिला जातो. आज त्याचे एक जाडजूड रजिस्टर आहे. कामगार म्हणतो, ‘मला गमबूट मिळालेच नाहीत.’ स्टोअरकीपर म्हणतो, ‘तुझा अंगठा आहे.’ आणि ते पान काही सापडत नाही. याचे अ‍ॅप करायचे आहे.

पहिली पायरी कागदावरच करायची. ज्यांनी वाणिज्य शाखेत हिशेब शिकला आहे त्यांना ही लगेच कळेल. रोजकीर्दीत रोजचे व्यवहार तारखेवार येतात आणि खतावणीत प्रत्येकाचे खाते असते. अ‍ॅपमध्येही तसेच करायचे. एक तक्ता कामगारांचा : क्रमांक, नाव, विभाग, बुटाचे माप. दुसरा तक्ता साहित्याचा : वस्तू, माप, शिल्लक, किती महिन्यांनी द्यायची. तिसरा तक्ता वाटपाचा : तारीख, कामगाराचा क्रमांक, वस्तू, नग, देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याची सही. पहिले दोन म्हणजे खाती, तिसरी रोजकीर्द. कामगाराचे नाव एकदाच लिहायचे. बाकी सर्वत्र त्याचा क्रमांक. ही शिस्त पाळली नाही तर एकच माणूस तीन प्रकारच्या स्पेलिंगने तीन ठिकाणी उभा राहतो आणि तपासणीत घोळ होतो.

दुसरी पायरी, हे तक्ते संगणकावर ठेवण्याची. सरावासाठी एक्सेलची फाइल चालते. पण दहा ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी होऊ लागल्या की एक्सेल अपुरे पडते; तेव्हा शेअरपॉइंटची यादी किंवा मायक्रोसॉफ्टचेच ‘डेटाव्हर्स’ वापरावे लागते.

तिसरी पायरी, अ‍ॅप उभे करण्याची. तक्ता दाखवला की प्लॅटफॉर्म स्वतःच एक कच्चे अ‍ॅप करून देतो : यादी, तपशील आणि नोंद करण्याचा फॉर्म. अलीकडे तर साध्या शब्दांत गरज लिहून दिली तरी तो मसुदा करून देतो. मात्र मसुदा म्हणजे पक्का दस्त नव्हे. त्यातील मथळे मराठीत करायचे, नको ते रकाने काढायचे, बोट नीट बसेल एवढी बटणे मोठी करायची आणि उन्हात वाचता येईल असा रंग द्यायचा, हे आपले काम.

चौथी पायरी म्हणजे नियम लिहिणे. पॉवर अ‍ॅप्सची सूत्रे एक्सेलच्या धर्तीवर आहेत. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने या सूत्रभाषेचे नाव ‘पॉवर एफएक्स’ असे ठेवले. ज्याला एक्सेलमध्ये ‘इफ’ लिहिता येते, त्याला ‘या कामगाराला सहा महिन्यांत गमबूट दिले असतील तर सूचना दाखव’ हे लिहिता येते. ‘फिल्टर’ हे सूत्र हवी ती नावे गाळून दाखवते, ‘पॅच’ हे सूत्र तक्त्यात नोंद लिहिते आणि ‘नॅव्हिगेट’ हे सूत्र पुढच्या स्क्रीनवर नेते. ही तीन नीट समजली तरी पहिले अ‍ॅप पूर्ण होते.

पाचवी पायरी, दोन माणसांच्या हाती देऊन पंधरा दिवस वापरून पाहणे. त्यातला एक साहेबांचा लाडका हुशार कारकून नसावा. ज्याला मोबाइलची भीती वाटते असा माणूस असावा. तो जिथे अडतो तिथेच अ‍ॅप चुकलेले असते. तोपर्यंत कागदी रजिस्टर बंद करू नये.

तीन खड्डे

हे काम सोपे झाले आहे, पण बिनधोक झालेले नाही. तीन खड्डे आधीच दाखवून ठेवतो.

पहिला खड्डा पाचशे नोंदींचा आहे. पॉवर अ‍ॅप्समध्ये काही सूत्रे तक्ता जिथे ठेवलेला आहे तिथेच काम करतात; काही मात्र आधी नोंदी फोनवर आणून मग हिशेब करतात. दुसऱ्या प्रकारात मुळात पहिल्या 500 नोंदीच आणल्या जातात आणि ही मर्यादा फार तर 2000 पर्यंत वाढवता येते. रजिस्टरात तीन हजार नोंदी असतील, तर अशा सूत्राने काढलेली बेरीज चुकीची येते आणि अ‍ॅप वापरणाऱ्याला त्याची कोणतीही सूचना मिळत नाही. अ‍ॅप तयार करताना प्लॅटफॉर्म पिवळी खूण दाखवून इशारा देतो. ती खूण ज्याने दुर्लक्षिली, त्याच्या स्टोअरचा ताळा कधीच जुळणार नाही.

दुसरा खड्डा परवानग्यांचा. कोणाला काय दिसावे हे आपण ठरवले नाही, तर कधी कधी सर्वांना सर्व दिसते. ऑगस्ट 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा संस्थेने उघड केले की पॉवर अ‍ॅप्सवर उभारलेल्या पोर्टलांमधून 47 कंपन्या व सरकारी खात्यांच्या सुमारे 3 कोटी 80 लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. त्यांत कोविडच्या संपर्क तपासणीची माहिती होती, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचे ओळख क्रमांक होते. अमेरिकेतील काही राज्यांची खाती त्यात होती आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्याही नोंदी होत्या. तिजोरी कोणी फोडली नव्हती. कुलूपच लावलेले नव्हते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने हे कुलूप मुळातच लागलेले असेल अशी व्यवस्था केली. तरीही कामगाराचा आजार, त्याची जात, त्याचे कर्ज, त्याच्या मुलीचा फोन नंबर अशी माहिती ज्या तक्त्यात आहे, तो तक्ता पाहण्याचा अधिकार मोजक्याच माणसांना देणे हे अ‍ॅप करणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि ज्याची गरज नाही तो रकाना ठेवूच नये. गमबूट देण्यासाठी जातीचा रकाना कशाला हवा?

तिसरा खड्डा आपल्या राज्याने जवळून पाहिलेला आहे. तो भाषेचा आणि हातातल्या फोनचा.

अंगणवाडी ताईंनी फोन का परत केले?

8 मार्च 2018 रोजी राजस्थानातील झुंझुनू येथून पोषण अभियान सुरू झाले. त्यात अंगणवाडी सेविकांना मोबाइल देऊन ‘कॅस’ नावाचे अ‍ॅप देण्यात आले. हे अ‍ॅपही एका प्लॅटफॉर्मवरच उभे होते. डिमागी या कंपनीचे ‘कॉमकेअर’ हे त्याचे नाव. गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य सेवकांसाठीच ते बनवलेले आहे आणि रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठवून ठेवून रेंज आल्यावर पाठवते. अंगणवाडीताईंना 11 रजिस्टरे भरावी लागत. त्यांपैकी 10 या अ‍ॅपमध्ये आली. बाळाचे वजन टाकले की वाढीचा आलेख आपोआप निघे. कोणत्या घरी भेट द्यायची आहे त्याची यादी समोर येई.

पुढे कॅस बंद झाले आणि मार्च 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. त्यांचे म्हणणे होते की फोनची मेमरी अपुरी आहे, फोन तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर पडतो. आणि नवे अ‍ॅप इंग्रजीत आहे. वर्षानुवर्षे मराठीत रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला इंग्रजी रकाने भरायला सांगणे म्हणजे तिच्या अनुभवाला शून्य किंमत देणे होय. मोबाइल वापरता येत नाही म्हणून या भगिनींनी फोन परत केलेले नव्हते. त्याच हातांनी त्यांनी कॅसमध्ये नोंदी केल्या होत्या. आवाज उठवल्यानंतर, पुढील काळात पोषण ट्रॅकर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

यावरून अ‍ॅप करणाऱ्याने धडा घ्यावा तो असा : वापरणाऱ्याचा फोन किती जुना आहे ते आधी पाहा. त्याची भाषा पाहा. त्याच्या कामाच्या जागी रेंज आहे का ते स्वतः जाऊन पाहा. आणि कामगारानेही धडा घ्यावा : अ‍ॅप हा काही देवाचा शब्द नाही. तो माणसाने आखलेला फॉर्म आहे, आणि संघटितपणे मागणी केली तर तो बदलतो.

भाड्याचे घर

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्लॅटफॉर्म हे भाड्याचे घर आहे. दर माणसामागे, दर महिन्याला भाडे द्यावे लागते. वीस कामगारांच्या संस्थेत ते परवडेल, दोन हजारांच्या संस्थेत नाकी नऊ येतील. आणि घरमालक घर पाडूही शकतो. गुगलने 2016 मध्ये ‘अ‍ॅप मेकर’ नावाचा असाच प्लॅटफॉर्म आणला आणि 19 जानेवारी 2021 रोजी तो बंद केला. ज्या कचेऱ्यांनी त्यावर अ‍ॅप्स उभारली होती, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

म्हणून दोन पथ्ये पाळावीत. दर महिन्याला सर्व तक्ते एक्सेलमध्ये उतरवून संस्थेकडे जपून ठेवावेत; घर गेले तरी सामान आपले राहिले पाहिजे. आणि अ‍ॅप कसे काम करते, कोणता रकाना कशासाठी आहे, हे चार पानांत मराठीत लिहून ठेवावे. नाहीतर करणाऱ्याची बदली झाली की अ‍ॅप अनाथ होते. पूर्वीचा कारकून चार्ज देताना यादी करून सही घेत असे. तीच पद्धत इथेही हवी.

आपल्या मुलामुलींनी काय करावे?

एकेकाळी टायपिंगच्या परीक्षेने आपल्या कित्येक घरांत पहिला पगार आणला. 2001 नंतर एमएस-सीआयटीने तेच काम केले. पण आज एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र प्रत्येकाच्या फाइलला लावलेले असते. तेवढ्याने कोणी दारात उभे करीत नाही. बीकॉम, बीए झालेल्या मुलामुलींनी त्यापुढची ही पायरी चढावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी एक्सेल पक्के करावे. ‘इफ’, ‘व्हीलुकअप’ आणि पिव्होट टेबल आल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग शिकण्याकरिता मायक्रोसॉफ्टची मोफत डेव्हलपर योजना आहे. त्यासाठी कॉलेजचे किंवा कचेरीचे खाते लागते. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी साध्या गुगल खात्यावर अ‍ॅपशीट उघडून सराव करावा. मायक्रोसॉफ्टचे अभ्यासाचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत. ते इंग्रजीत आहेत हे खरे. म्हणून एकट्याने झगडण्यापेक्षा वस्तीतील अभ्यासिकेत चार जणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, तिसऱ्याने करून पाहावे. घरी संगणक नसला तर अभ्यासिकेला एक जुना संगणक मिळवून देणे ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. मोबाइलवर अ‍ॅप वापरता येते, पण ते तयार करायला संगणकच लागतो.

सरावासाठी खोटे विषय घेऊ नयेत. आईच्या बचत गटाचे हप्ते घ्यावेत. वस्तीच्या पतसंस्थेची वसुली घ्यावी. अभ्यासिकेची पुस्तके कोणाकडे आहेत ते घ्यावे. बचत गटाच्या बायकांना आपला शिल्लक आकडा फोनवर दिसला आणि तो वहीशी जुळला, की तोच त्या मुलीचा दाखला. मुलाखतीला जाताना तेच अ‍ॅप उघडून दाखवावे.

आणि ज्यांना अ‍ॅप करायचे नाही, फक्त वापरावे लागते, त्यांच्यासाठी तीन प्रश्न देऊन ठेवतो. नवे अ‍ॅप हाती आले की युनियनमार्फत किंवा साहेबांना थेट विचारावे : यात माझी कोणती माहिती जाते आणि ती कोण पाहतो? रेंज नसेल किंवा फोन बिघडला तर माझी हजेरी कशी धरणार? चुकीची नोंद झाली तर दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत? 2023 साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. आपली माहिती कशासाठी घेतली जाते हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

ज्या घरात आजोबांना अंगठा उठवावा लागला, त्या घरातली नात आज फोनच्या काचेवर कामगाराची सही घेणारा रकाना आखू शकते. तो रकाना आखताना तिला आजोबांचा अंगठा आठवावा. सही करणाऱ्याने आपण कशावर सही करतो आहोत हे स्वतःच्या भाषेत आधी वाचले पाहिजे, एवढी सोय तिने त्या अ‍ॅपमध्ये नक्की ठेवावी.